आजची संथा किती ?

गेल्या चैत्रांतील गोष्ट. संध्याकाळचा परवचा संपल्यावर आमच्या धाकट्या नातवानें, वय वर्षें नऊ, कमळाला संस्कृतांत किती नांवें आहेत असें आम्हांस विचारिलें. शाळेंत कोणीतरी त्याला पांच सांगितलीं होतीं, आणि घरांत आयुष्यभर संस्कृत शिकविलेले आजोबा असतां पांचांवर समाधान मानण्यास तो तयार नव्हता. अमरकोशाच्या प्रथमकांडांतील वारिवर्गांत हीं नांवें ओळीनें दिलीं आहेत, आणि तो सारा वर्ग वयाच्या बाराव्या वर्षीं आम्हांस मुखोद्गत होता. आम्हीं मोठ्या थाटांत सुरुवात केली आणि दुसऱ्या चरणाच्या अखेरीस अडलों. पुढचा शब्द येईना. मागून पुन्हां म्हणून पाहिलें, तरी त्याच जागीं गाडें थांबलें. "आजोबा, पुढचं ?" असें नातवानें एकदां विचारिलें. दुसऱ्यांदां विचारिलें नाहीं. आणि तें न विचारणेंच आम्हांस अधिक लागलें.

वय झालें कीं मनुष्य विसरतो, त्यांत काय एवढें, असें घरांतील मंडळी म्हणाली. परंतु आमचे तीर्थरूप शेवटचीं चार वर्षें स्वतःच्या मुलांचीं नांवें विसरले होते, आणि त्या विस्मृतीचा आरंभ असाच, रोजच्या पाठांतील एका स्तोत्राच्या मधल्या ओळींत झाला होता. त्या रात्रीं आम्हांस झोप लागली नाहीं, हें येथें लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आमची थोरली नात वैद्यकीय महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास आहे. तिच्या फोनवर 'अँकी' नांवाची एक आज्ञावली असून शरीरांतील शेंकडों अस्थींचीं, स्नायूंचीं व रक्तवाहिन्यांचीं नांवें ती तिच्या साह्यानें पाठ करते, हें आम्ही ऐकून होतों. फोन हातीं घेऊन अभ्यास होतो ह्यावर आमचा विश्वास नव्हता, व तसें आम्हीं तिला दोनतीनदां बोलूनही दाखविलें होतें. दुसऱ्या दिवशीं तिनेंच आमचा फोन मागून घेतला, अमरकोशाचा मजकूर कोठूनसा मिळविला, आणि एका श्लोकाचें एक कार्ड ह्याप्रमाणें सुमारें १५०० कार्डांचा गठ्ठा रात्रींतून तयार करून दिला. पुढल्या बाजूस श्लोकाचा पहिला चरण, मागल्या बाजूस बाकीचे तीन.

ह्या विद्येचें मूळ थोडक्यांत सांगितल्याशिवाय पुढील हिशेब नीट कळावयाचा नाहीं. जर्मन पंडित हेर्मान एबिंगहाउस ह्यानें निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, किती वेळानें त्यांतील किती टिकतात ह्याचीं मापें घेतलीं आणि तीं १८८५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. पाठ केलेलें प्रथम झपाट्यानें व मागाहून मंद गतीनें विसरलें जातें, आणि तीच मेहनत एका बैठकींत न करितां अनेक दिवसांत विभागली तर अधिक फळते, हें त्यानें दाखविलें. पुढें शंभर वर्षांनीं पोलंडमधील प्योत्र वोझ्नियाक ह्या विद्यार्थ्यानें दोन आवृत्तींमधलें अंतर यंत्राकडून ठरवून घेण्याची रीत बसविली. त्याची संगणकावरील आज्ञावली १९८७ ची. अँकी तिच्याच वंशांतील. डेमियन एल्म्स ह्यांनीं ती २००६ सालीं प्रसिद्ध केली. नांव जपानी असून त्याचा अर्थ पाठ करणें. संगणकावर व अँड्रॉइड फोनवर ती फुकट मिळते.

रीत सोपी आहे. कार्ड समोर येतें, आपण मनांत उत्तर म्हणावयाचें, मग कार्ड उलटून पाहावयाचें, आणि आपलें आपणच खरें सांगावयाचें : 'पुन्हां', 'कठीण', 'बरें' कीं 'सोपें'. 'बरें' म्हटलें कीं कार्ड दूर जातें. प्रथम एक दिवस, मग साधारण तीन, मग सात-आठ, मग एकोणीस-वीस, मग दीड महिना. अंतर दर वेळीं सुमारें अडीचपट होतें. 'पुन्हां' म्हटलें कीं तें परत जवळ येतें. (२०२३ पासून, ज्याच्या त्याच्या चुकांच्या नोंदींवरून हें अंतर ठरविणारी एक निराळी गणितपद्धतिही तींत घातलेली आहे, आम्ही अद्याप जुनीच वापरतों.)

पाठशाळेंत ज्यांनीं थोडेंबहुत अध्ययन केलें आहे त्यांस ह्यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. गुरुजी देतात ती संथा आणि शिष्य घोकतो ती आवृत्ति. आमचे शास्त्रीबुवा दोन श्लोकांच्या वर संथा देत नसत. आम्ही हुशारी दाखवून तिसरा मागितला तर ते मागील आठवड्यांतील कोणताही एक श्लोक विचारीत, आणि आम्ही तेथें चांचरलों कीं तिसऱ्याची गोष्ट पुनः निघत नसे. संथा किती घ्यावयाची हें शिष्यानें ठरवावयाचेंच नसे. ह्या यंत्रांत मात्र तें शिष्याच्याच हातीं दिलें आहे, आणि सर्व घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पडद्यावर गठ्ठ्याच्या नांवापुढें तीन आंकडे दिसतात. निळा नव्या कार्डांचा, तांबडा चालू पाठाचा, हिरवा आवृत्तीचा. हे आंकडे म्हणजे शिल्लक राहिलेलें काम, असें आम्ही प्रथम समजलों. वाचकांतील पुष्कळांचीही तीच समजूत होईल. वस्तुतः गठ्ठ्यांत किती नवीं कार्डें पडून आहेत हें निळा आंकडा सांगत नाहीं. आज त्यांतील किती हातीं देण्याची परवानगी आहे, तेवढेंच तो सांगतो. मांडणी बदलली नसेल तर ही रोजची मर्यादा २० असते, म्हणून १५०० कार्डें असूनही २० दिसतात. हिरव्याचेंही तसेंच, त्याची मर्यादा २००. आज ४०० कार्डांची आवृत्ति व्हावयाची असली तरी २००च दिसतील आणि उरलेलीं पडद्याआड बसून राहतील. त्याच दिवशींच्या चालू पाठाला मात्र मर्यादा नाहीं. तो कितीही वाढूं शकतो.

मोजणीचीही एक गंमत आहे. नवें कार्ड पुढें आलें आणि आपण त्यास एकदां उत्तर दिलें कीं तें त्या दिवसाच्या २० मध्यें जमा झालें. मग तें येवो वा न येवो. तेथून तें तांबड्यांत जातें. आलें नाहीं तर एका मिनिटानें पुन्हां उभें, आलें तर दहा मिनिटांनीं, आणि तेव्हांही आलें तरच उद्यांवर गेलें. म्हणजे २० नव्या कार्डांस निदान ४० वेळां तरी उत्तर द्यावें लागतें. तीच गोष्ट आवृत्तीची. हिरव्यांतील कार्ड विसरलें तर तें हिरव्यांतून उणें होऊन तांबड्यांत मिळतें; म्हणून अर्धा तास घाम गाळूनही एकंदर बेरीज हलत नाहीं असें कधीं कधीं दिसतें. यंत्र बिघडलेलें नसतें, आपण विसरत असतों.

दिवस कोठें बदलतो हेंही पाहण्यासारखें आहे. आपला वार सूर्योदयापासून, इंग्रजी तारीख मध्यरात्रीपासून; अँकीचा दिवस पहाटे चारला उगवतो. रात्रीं जागणारांचा अभ्यास त्याच दिवसांत धरला जावा अशी त्यांत सोय आहे. आम्ही साडेतीनला उठणारे. पहिले दोन दिवस आम्ही स्नानापूर्वीं फोन उघडीत होतों आणि 'ह्या गठ्ठ्याचें काम तूर्त संपलें, अभिनंदन' असा मजकूर वाचून चकित होत होतों. चार वाजल्यावर तेथेंच नवी संथा हजर होई.

एका मोठ्या गठ्ठ्याच्या पोटांत लहान गठ्ठे ठेवितां येतात. तेथें एकत्र कुटुंबासारखी व्यवस्था आहे. वडील गठ्ठ्याची मर्यादा २० आणि पोटांतील दोघांची प्रत्येकीं २० असली, तर वडिलांचें दार उघडून बसणाऱ्यास एकंदर २०च मिळतात. पण दोन्ही धाकटे गठ्ठे निरनिराळे उघडले तर प्रत्येकांतून २० काढून ४० पदरांत पाडतां येतात. एकत्र स्वयंपाकांत जी काटकसर होते ती चुली वेगळ्या झाल्यावर राहत नाहीं, हें गृहिणींस सांगावयास नकोच.

आतां आमचा पराक्रम. नातीनें मर्यादा १० लावून दिली होती. आम्हीं हिशेब केला कीं १५०० कार्डांस त्या गतीनें पांच महिने लागतील, आणि आपण कांहीं नवें शिकत नाहीं, जुनेंच उजळीत आहों. तेव्हां तिच्या नकळत १० वर आणखी एक शून्य चढविलें. "आजोबा, शंभर नका हं लावूं," असें ती जातांना म्हणाली होती तें आम्हांस आठवत होतें. तेवढी स्मृति शाबूत होती.

चार दिवस मोठ्या आनंदांत गेले. पांचव्या दिवशीं निळा आंकडा शून्य झाला. हिरवा २००. गठ्ठ्यांत अजून ११०० कार्डें कोरीं आणि यंत्र एकही देईना ! आम्हीं फोन बंद करून पाहिला, पुन्हां चालू केला. शेवटीं मुंबईस नातीला फोन लाविला. ती हंसली आणि म्हणाली, "आजोबा, तें तुम्हांला तुमच्या शास्त्रीबुवांसारखं वागवतंय." खुलासा असा कीं, नवीं कार्डें आवृत्तीच्या मर्यादेंतूनच जागा मागतात. आवृत्तीचीं १९० वाट पाहत असलीं तर नवीं फार तर १० मिळतील. २०० असलीं तर एकही नाहीं. पहिल्या दिवशींचीं १०० व चवथ्या दिवशींचीं १०० पांचव्या दिवशीं एकदम परत आलीं होतीं. मागचें म्हणून दाखवा, मग पुढचें मिळेल. आम्हांस शास्त्रीबुवांची आठवण येऊन त्या ठिकाणीं थांबावयास हवें होतें. आम्हीं त्याऐवजीं आवृत्तीची मर्यादा काढून ९९९९ केली.

हें अविचाराचें कां, त्याचें गणित इतकें सोपें आहे कीं आम्हां मास्तरांस तें सुचूं नये ह्याची लाज वाटते. रोज २० नवीं कार्डें घेतलीं असें धरूं. एकदां घेतलेलें कार्ड दुसऱ्या दिवशीं येतें, मग घेतल्यापासून चार दिवसांनीं, अकरा-बारा दिवसांनीं, महिन्यानें, अडीच महिन्यांनीं. तेव्हां अडीच महिन्यांनंतर कोणताही एक दिवस घेतला तरी, कालचीं २०, चार दिवसांपूर्वींचीं २०, अकरा-बारा दिवसांपूर्वींचीं २०, महिन्यापूर्वींचीं २० आणि अडीच महिन्यांपूर्वींचीं २०, अशा पांच संथा एकाच सकाळीं दारांत उभ्या राहतात. झालीं १००. ही कधींच न विसरणाऱ्या पुरुषाची गोष्ट झाली. विसरलेलें कार्ड जवळच्या अंतरानें पुन्हां पुन्हां येतें, म्हणून खरा आंकडा ह्याहून बराच वर जातो. आवृत्तीची मर्यादा नव्याच्या निदान दसपट ठेवा, असा इशारा आज्ञावली स्वतःच देते. कर्ज काढतांना हातांत पडणारी रक्कम दिसते, हप्ते दिसत नाहींत. निळा आंकडा वाढवितांना नेमकें तसेंच होतें.

बाराव्या-तेराव्या दिवसापासून आवृत्ति ३०० वर गेली आणि नवीं १०० होतींच. रोज पांचशेंहून अधिक वेळां बोट दाबावें लागे. एकेकास पंधरा सेकंद धरले तरी दोन तास झाले. पूजेस उशीर होऊं लागला, सूनबाईंचा चहा गार होऊं लागला, आणि चरण पुरता आठवण्यापूर्वींच आम्ही 'बरें' दाबूं लागलों. परीक्षेंत कॉपी करणाऱ्या कित्येक मुलांस आम्हीं आयुष्यांत उठवून बाहेर काढलें असेल. येथें उठविणारा कोणी नव्हता. ह्या यंत्राचें मोठें व्यंग हेंच. तें कानानें ऐकत नाहीं. ऱ्हस्वदीर्घाची चूक, गाळलेलें अक्षर, त्यास कांहीं कळत नाहीं. शिष्य सांगेल तेंच प्रमाण.

पंधरा दिवसांत १५०० कार्डें संपलीं आणि सोळाव्या दिवशीं आम्ही सहकुटुंब कुलदैवतास कोंकणांत गेलों. आठ दिवस फोन पिशवींतून काढला नाहीं. पूर्वीं अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या ह्या तिथींस अनध्याय असे व त्याचें ओझें कोणाच्या डोक्यावर चढत नसे. यंत्रास अनध्याय ठाऊक नाहीं. (अलीकडे आठवड्यांतील ठराविक वारीं काम हलकें करण्याची सोय झाली आहे, म्हणजे त्यास वार कळूं लागला, तिथि अजून कळत नाहीं.) परत येऊन पाहतों तों हिरवा आंकडा १२०० च्या वर. त्या दिवशीं आम्हीं फोन पालथा ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशींही उचलला नाहीं. वाटलें, तीर्थरूपांचेंच पुढें चालू झालें.

शनिवारीं नात घरीं आली. तिनें आंकडा पाहिला, रागावली नाहीं, आणि आवृत्तीची मर्यादा १५० केली. क्षणांत १२०० चे १५० झाले. आम्हांस इतकें हलकें वाटलें कीं बाकीचीं कोठें गेलीं हें विचारण्याचेंही सुचलें नाहीं. मग ती आपण होऊनच बोलली, आणि गेल्या दिवाळींत ती माडीवर एकटी कां रडत होती तें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

पहिल्या वर्षीं ती रोज ४० नवीं कार्डें घेत असे. आवृत्ति फार होऊं लागली तेव्हां तिनें हिरव्याची मर्यादा १०० केली; आणि त्यामुळें नवीं बंद पडूं नयेत म्हणून, नव्या कार्डांनीं ही मर्यादा पाळूं नये असा जो एक खटका मांडणींत आहे तोही फिरविला. रोज १०० जुनीं, ४० नवीं. रोज काम पुरें, रोज अभिनंदन. पडद्यामागें काय सांचत आहे हें आंकडा सांगत नव्हता, आणि तिनेंही विचारिलें नाहीं. सत्रपरीक्षेच्या आधींच्या आठवड्यांत तिनें मर्यादा काढून पाहिली तेव्हां खालीं दोन हजारांच्या वर कार्डें मुदत उलटून पडलेलीं होतीं. एका विषयांत ती नापास झाली. घरीं तिनें प्रकृतीचें कारण सांगितलें होतें आणि आम्हीं तें खरें मानून तिला वर उपदेशही केला होता. "आजोबा, दीडशें दिसतील, पण बाराशें आहेत हें विसरूं नका," एवढेंच ती म्हणाली.

पुढें दीड महिना आम्ही रोज १५० करीत राहिलों. दर रविवारीं मर्यादा घटकाभर दूर करून खरी शिल्लक पाहावयाची आणि पंचांगाच्या मागील कोऱ्या पानावर टिपून ठेवावयाची, असा नेम ठेविला. पहिल्या रविवारीं ती फारशी उतरली नव्हती, कारण जुनीं फिटत असतां नवीं मुदतींत येतच होतीं. पण एक गोष्ट आम्हांस माहीत नव्हती. मुदत उलटून गेलेलें कार्ड जर तरीही आठवलें, तर त्या उशिराचा कांहीं भाग यंत्र आपल्या जमेस धरतें व पुढचें अंतर त्या मानानें वाढवितें. आठ दिवस उशीर होऊनही जें आलें तें खरोखरच पक्कें होतें, असा त्याचा न्याय. कित्येक श्लोक अशा रीतीनें एकदम महिन्याभरावर गेले. आणि जे आठ वेळां विसरले त्यांवर 'जळू' अशी खूण उमटली. नांव फार समर्पक आहे. आमच्या गठ्ठ्यांत अशा अकरा जळवा निघाल्या. त्यांतील एक वारिवर्गांतील तोच श्लोक ! तो आम्हीं फोनांतून काढून पूर्वींच्या रीतीनें, पाटावर बसून, मोठ्यानें शंभर वेळां म्हटला.

वार्धक्यांतील विस्मृतीच्या व्याधीवर हा उपाय आहे असें मात्र कोणी समजूं नये. तशी शंका येतांच वैद्यांस दाखवावें, आम्हींही दाखविलें. आमची विस्मृति वयोमानाप्रमाणें आहे, असें त्यांनीं सांगितलें.

हल्लीं आम्हीं अष्टाध्यायीचीं सूत्रें घेतलीं आहेत. सुमारें ४००० आहेत. मर्यादा ५. त्या हिशेबानें ८०० दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षें लागतील आणि तोंवर आम्ही सत्तरीस टेकूं. नात वाचनालयांतून रात्रीं कधीं कधीं फोन करून, "आजची संथा किती ?" असें विचारते, आणि आम्ही तिला, "तुझी शिल्लक किती ?" असें विचारितों. ती खरा आंकडा सांगते.

धाकट्यानेंही हट्ट करून आपला एक गठ्ठा करवून घेतला आहे. त्यास आम्हीं रोजची संथा दोन श्लोकांची लावून दिली. परवां सहज पाहिलें तों दोनाचे बारा झालेले होते. आम्ही त्याला कांहीं बोललों नाहीं. आज तिसरा दिवस आहे.